खंगर, एरंडेल आणि मोकळी जागा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून भांडणारी माणसं सहसा क्रिकेटवरून भांडतात. आम्ही तिघं स्पीडवेवरून, म्हणजे मातीच्या धावपट्टीवरच्या मोटारसायकल शर्यतींवरून भांडलो. विषय खरं तर वेगळाच निघाला होता: मुंबईत रस्ते बंद करून मोटारींची, मोटारसायकलींची झगमगाटी शर्यत भरवावी की नाही. हा प्रश्न अधूनमधून उठतो, दोन दिवस धुरळा उडतो आणि खाली बसतो. पण त्या दिवशी माझा जहाजावरचा जुना सोबती आणि माझा भाचा दोघंही पेटले. सोबत्याच्या मते शर्यत म्हणावी अशी शर्यत आता जगात उरलेलीच नाही. खरा स्पीडवे सत्तरच्या दशकातला, न्यूझीलंडच्या इव्हान मॉगर आणि बॅरी ब्रिग्ज या स्वारांचा. आताची पोरं इंजिनाच्या जोरावर जिंकतात. भाचा पोलंडच्या लीगचे सामने मोबाइलवर बघतो. त्याचं म्हणणं, ‘मामा, तुमच्या पिढीला धूर दिसला की डोळे भरून येतात, त्याला खेळाची पारख म्हणत नाहीत.’ पोलंडचा आजचा स्वार झ्मार्झलिक त्या काळात जन्मला असता तर मॉगर दुसरा आला असता, हेही त्यानं सुनावलं. तासभर हे चाललं. या खेळाच्या मागे मी पंचेचाळीसहून अधिक वर्षं आहे आणि मला दोघांचंही पटलं नाही.

माझं म्हणणं असं की स्पीडवे पूर्वी चांगला होता की आता चांगला आहे, हा वादच मुळात फुकटचा आहे. हा खेळ जिथे आटला तिथे त्याच्या पायाखालची जमीन विकली गेली म्हणून आटला. जिथे जमीन राहिली तिथे तीच इंजिनं, तेच नियम आणि बऱ्याचदा तेच स्वार घेऊन तो आजही भरल्या गॅलरीपुढे चालतो. मुंबईत शर्यत हवी की नको या वादातही आपण हीच चूक करतो. गाड्या कोणत्या, पाहुणा कोण, खर्च किती, यावर बोलतो. ती शर्यत दर आठवड्याला चालत जाऊन बघता येईल अशी जागा कुठे आहे, हे कोणी विचारत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. स्पीडवेची मोटारसायकल म्हणजे 500 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, एकच गिअर आणि ब्रेक नाहीत. चुकून राहिले असं नाही, नियमानंच नाहीत. इंधन मिथेनॉल. वजन 77 किलोंच्या खाली नसावं, एवढी अट. चार स्वार फितीमागे उभे राहतात, फीत झटकन वर उडते आणि कच्च्या मातीच्या लंबगोल धावपट्टीवर घड्याळाच्या उलट दिशेनं चार फेऱ्या होतात. जेमतेम मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. ब्रेक नसताना वळण घ्यायचं कसं? मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं, वळण डावीकडे असताना हँडल उजवीकडे फिरवायचं, पोलादी तळ बांधलेला डावा पाय जमिनीला टेकवायचा आणि थ्रॉटल उघडाच ठेवायचा. भीती वाटली म्हणून जो थ्रॉटल सोडतो तो पडतो. आपल्या जत्रेतल्या मौत का कुआँत फिरणाऱ्यालाही हाच नियम लागू असतो, म्हणून मला तो खेळ पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला.

हा खेळ जन्मला तोही जत्रेतच म्हणायचा. 1923 सालच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड या गावी, शेती प्रदर्शनाच्या मैदानावर, जॉनी हॉस्किन्स नावाच्या उचापती माणसानं दिव्यांच्या उजेडात मोटारसायकली पळवल्या. इंग्लंडमध्ये तो पोचला 19 फेब्रुवारी 1928 ला, लंडनच्या कडेला एपिंगच्या जंगलात हाय बीच इथे. गर्दी आयोजकांच्या अंदाजाच्या कितीतरी पलीकडे गेली आणि माणसं धावपट्टीच्या आतबाहेर जागा मिळेल तिथे उभी राहिली. मग वर्षा-दोन वर्षांत गावोगावी धावपट्ट्या झाल्या. कशा झाल्या, हे महत्त्वाचं आहे. नवी स्टेडियमं फारशी कोणी बांधली नाहीत. फुटबॉलच्या किंवा रग्बीच्या मैदानाभोवती, कुत्र्यांच्या शर्यतींच्या ट्रॅकशेजारी जी पट्टी मोकळी होती तिच्यावर कोळशाचं खंगर अंथरलं आणि शर्यत सुरू केली. पोलिश भाषेत या खेळाचं नाव झूझेल, म्हणजे खंगरच. हे मला ग्दिनियाच्या बंदरात एका क्रेनवाल्यानं सांगितलं तेव्हा हसू आलं. आमच्या परळच्या चाळीत पावसाळ्यात चिखल झाला की गिरणीच्या बॉयलरचं खंगर आणून टाकत. त्यावर आम्ही पडायचो आणि गुडघे सोलून घ्यायचो. जगात दुसरीकडे त्याच खंगरावर लोक विश्वविजेते होत होते.

मी पहिली शर्यत पाहिली ती 1979 च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या हल बंदरात. आमचं जहाज किंग जॉर्ज डॉकला लागलं होतं, मी इंजिनरूममध्ये अगदी खालच्या पायरीवरचा इंजिनिअर. एका गोदी कामगारानं ‘संध्याकाळी काय करतोस’ म्हणून विचारलं आणि बसमध्ये घालून बूलेव्हार्डला नेलं. ते रग्बीचं मैदान. आठ वाजले तरी ऊन होतं. आजूबाजूला गोदीवाले, मासेमारीच्या ट्रॉलरांवरचे लोक, थर्मासमधून चहा ओतणाऱ्या आज्या, पोरंसोरं. प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमाची पुस्तिका आणि पेन्सिल. प्रत्येक शर्यतीनंतर सगळे खाली बघून रकान्यात 3, 2, 1, 0 भरणार. आपल्याकडे रेडिओवर कॉमेंटरी ऐकत वहीत धावफलक लिहिणारे लोक होते, त्यांचीच ही जात. इंजिनं सुरू झाली आणि एक वास आला. तो ओळखायला मला क्षणभर लागला, मग पोटात ढवळलं: एरंडेल! या इंजिनांत एरंडेलावर बनवलेलं वंगण वापरत. लहानपणी ज्याच्यासाठी आई नाक दाबून धरायची ते तेल इथे हवेत जळत होतं आणि लोक छाती भरून घेत होते. एका गाडीवर ‘जावा’ लिहिलेलं दिसलं तेव्हा तर मी कामगाराचा दंडच धरला. म्हैसूरला 1961 पासून बनणारी आमची जावा, पुढे जिचं येझदी झालं, तिच्या चेक घराण्यातलीच ही चुलत बहीण. जावानं एसो हा शर्यतीच्या गाड्या बनवणारा कारखाना 1964 मध्ये सामावून घेतला होता आणि पुढची दहा-बारा वर्षं स्पीडवेत तिचंच राज्य होतं. त्या रात्री हलकडून मॉगर पळत होता. वय 39. काही आठवड्यांनी पोलंडमध्ये खोझूफला त्यानं सहावं विश्वविजेतेपद घेतलं, तेव्हा आम्ही सुएझच्या अलीकडे कुठेतरी होतो.

हे सगळं सांगितलं की भाचा म्हणतो, ‘बघा, आठवणीच सांगताय.’ कबूल. म्हणून त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. जुनी पद्धत अन्यायकारक होती. 1936 पासून 1994 पर्यंत विश्वविजेता सहसा एका रात्रीत ठरायचा. वर्षभर कोण किती चांगला खेळला याला त्या रात्री किंमत नव्हती. 1973 मध्ये खोझूफच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसांपुढे पोलंडचा येझी श्चाकिएल आणि मॉगर यांचे तेरा-तेरा गुण झाले, निकालाच्या शर्यतीत मॉगर पडला आणि श्चाकिएल जिंकला. पुन्हा तो त्या उंचीच्या जवळपासही आला नाही. 1995 पासून वर्षभरातल्या अनेक ग्रांप्रींच्या, म्हणजे जागतिक फेऱ्यांच्या, गुणांच्या बेरजेवर विजेता ठरतो. या पद्धतीत टोनी रिकार्डसनची सहापैकी पाच विजेतेपदं आणि झ्मार्झलिकची सहा विजेतेपदं नशिबाची म्हणता येणार नाहीत. दुसरं, पूर्वी वळणावर लाकडी फळ्या किंवा तारेची जाळी असायची. आता हवा भरलेली कुंपणं आहेत. ज्यांनी 1989 मध्ये ब्रॅडफर्डला एरिक गुंडरसन या स्वाराची कारकीर्द संपवणारा अपघात पाहिला किंवा नुसता वाचला, त्यांनी ‘पूर्वीचं खरं’ म्हणताना जरा थांबावं.

सोबत्याची बाजूही पोकळ नाही. 1975 च्या सुमाराला चार व्हॉल्व्हचं वेस्लेक इंजिन आलं आणि गाडी घरच्या शेडमध्ये स्वतःच तयार करण्याचे दिवस सरू लागले. पुढे इंजिन आडवं झालं, तयार करणारे मेकॅनिक मूठभर झाले, खर्च वाढत गेला. फीत उडाल्यावर जो पुढे गेला तो पुढेच राहिला, अशा शर्यती वाढल्या, ही तक्रार इंग्लंडात मीही केली आहे. मात्र यात एक मेख आहे. पुढे काढायला जागा मिळते की नाही हे मोटारसायकलपेक्षा धावपट्टीवर अवलंबून असतं: माती किती खोल, पाणी किती मारलंय, बाहेरच्या कडेला पकड आहे का. वानखेडेच्या लाल मातीवर चेंडू उसळतो आणि दुसरीकडे गुडघ्याखाली राहतो, तेव्हा आपण बॅटला दोष देतो का? चांगली धावपट्टी राखायला तीच जागा, तोच माळी, तोच ट्रॅक्टर वर्षानुवर्षं लागतो. भाड्याच्या, आज आहे उद्या नाही अशा जागेवर माती मुरत नाही. म्हणजे सोबत्याची सर्वांत रास्त तक्रारसुद्धा फिरून जमिनीपाशीच येते.

आता खरा आक्षेप. लोक म्हणतील, जमीन विकली गेली कारण प्रेक्षक आधीच गेले होते; रिकामं दुकान कोण चालवणार? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण ब्रिटनचाच इतिहास बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे स्पीडवेला उधाण आलं होतं, वेम्बलीसारख्या ठिकाणी हजारोंनी लोक लोटत. पन्नासच्या दशकात टीव्ही आला, करमणूक कर जड झाला आणि खेळ धाडकन कोसळला. 1957 मध्ये वेम्बलीचा संघ बंद पडला. धावपट्ट्या इतक्या कमी उरल्या की सगळ्यांनी खेळाचं तेरावं घातलं. मग 1960 मध्ये प्रोव्हिन्शियल लीग निघाली, 1965 मध्ये ब्रिटिश लीग, आणि सत्तरच्या दशकात मी हलला जे पाहिलं ते उभं राहिलं. टीव्ही तर घराघरात होताच. मग खेळ परतला कसा? मैदानं जागेवर होती म्हणून. गवत वाढलं होतं, पत्रे गंजले होते, पण गेट उघडून माती टाकता येत होती. नंतरच्या ओहोटीत तसं झालं नाही, कारण परतायला घरच उरलं नव्हतं. 1984 मध्ये लंडनचं व्हाइट सिटी गेलं. विम्बल्डनचा प्लाउ लेन ट्रॅक गेला, तिथे आज सदनिका आणि फुटबॉलचं स्टेडियम आहे. हलचा संघ 1981 ला बूलेव्हार्ड सोडून गेला, नव्वदच्या दशकात दुसऱ्या मैदानावर परतला आणि 2005 नंतर पुन्हा मिटला. प्रेक्षक येतात-जातात. गेलेली जमीन मात्र परत आल्याचं मी पाहिलेलं नाही.

तरीही कोणी म्हणेल, घरं महत्त्वाची की मोटारसायकली? हा प्रश्न मुंबईत राहणाऱ्या माणसानं झटकून टाकू नये. दहा बाय बाराच्या खोलीत सात जणांत मी वाढलो, मला घराची किंमत कोणी शिकवू नये. पण घर विरुद्ध मैदान ही लढाई खरोखर होते का? कव्हेंट्रीजवळच्या ब्रँडनला 1928 पासून शर्यती होत. जागा विकसकांच्या हाती गेली, 2016 मध्ये शेवटची शर्यत झाली. त्यानंतर तिथे काय उभं राहिलं? वर्षानुवर्षं ओसाड गॅलरी, आगी, तोडफोड. खेळ गेला आणि घरंही आली नाहीत. उलट ऑक्सफर्ड घ्या. तिथला स्पीडवे 2007 मध्ये थांबला, 2012 मध्ये स्टेडियमही बंद झालं, घरांचा प्रस्ताव आला, पालिकेनं तो मान्य केला नाही आणि जागेला संरक्षण दिलं. जवळपास दहा वर्षं कुलूप राहिलं. 2022 मध्ये तिथे पुन्हा फीत उडाली. ती दहा वर्षं ‘जागा वाया चालली’ असं म्हणणारे शहाणे तिथेही असणारच.

पोलंडचं उदाहरण भाचा नेहमी देतो, पण चुकीच्या कारणासाठी. त्याला वाटतं पोलंडमध्ये पैसा आहे म्हणून खेळ आहे. पैसा आहे हे खरंच, आणि त्याची दुसरी बाजूही आहे: चांगले स्वार तिकडे ओढले जातात आणि इतर देशांच्या लीग पातळ होतात. पण पैसा आला कुठून? लेश्नो, गोझूव, झिएलोना गुरा ही काही वॉर्सासारखी शहरं नाहीत. आपल्या सांगली-मिरजेहूनही लहान गावं. त्या गावांत स्पीडवेचं स्टेडियम म्हणजे गावाची चावडी. तोरूनमध्ये 2009 साली फक्त स्पीडवेसाठी मोटोअरेना उभी राहिली, शहराच्या पैशानं. आजोबा जिथे बसायचे त्या वळणावर नातू बसतो. हे वर्षानुवर्षं झालं, मग टीव्हीवाले आणि प्रायोजक आले. वॉर्सात उलटं करून बघितलं गेलं. 2015 च्या एप्रिलमध्ये तिथल्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये तात्पुरती माती टाकून ग्रांप्री भरवली. पन्नास हजारांवर प्रेक्षक होते, टोमाश गोलोब या लाडक्या स्वाराचा निरोपाचा प्रसंग होता. सुरुवातीची फीतच नीट उडेना, मातीला खड्डे पडले आणि बाराव्या शर्यतीनंतर सगळं गुंडाळावं लागलं. जगात स्पीडवेवर सर्वाधिक जीव टाकणाऱ्या देशाच्या राजधानीत, बक्कळ पैसा ओतून, फीत नीट उडाली नाही! मुरलेली जागा नसली की असं होतं.

आपल्याकडची गोष्ट याहून वेगळी आहे का? ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट बांधलं, 2011 ते 2013 तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि गेली. 2023 मध्ये मोटारसायकलींची मोटोजीपी एकदाच आली. ती एवढी प्रचंड जागा, आणि आसपासच्या गावातल्या मुलाला तिथे शनिवारी संध्याकाळी पन्नास रुपये देऊन काय बघता येतं? त्याउलट चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर साध्यासुध्या माणसांनी दरवर्षी शर्यती भरवल्या, त्यातून पिढी तयार झाली आणि 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक उभा राहिला. दक्षिणेतून शर्यतपटू का येतात, हे कोडं मला तरी पडत नाही. 2024 च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत सुपरक्रॉस, म्हणजे मातीच्या टेकाडांवरून उड्या घेत होणारी मोटारसायकल शर्यत झाली, मी मुद्दाम गेलो. चांगली झाली. पण टाकलेली माती उचलली गेली आणि मैदान पुन्हा पूर्वीसारखं झालं. ज्या पोरांचे डोळे त्या दिवशी चमकले ती पुढच्या रविवारी कुठे गेली असतील?

मुंबईपुरतं बोलायचं तर आपण हे सगळं कबड्डीत पाहिलंय. गिरणगावात कबड्डी हा कोणा लीगचा उपक्रम नव्हता, पाळी सुटल्यानंतरची संध्याकाळ होती. नरे पार्क, जांबोरी मैदान, श्रमिक जिमखाना इथे सामने आणि शिट्ट्या, भोवती चाळींच्या गॅलऱ्या भरलेल्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे काय झालं ते सांगायला नको. 1991 च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, तिसरा म्हाडासाठी ठेवला होता. 2001 मध्ये तो हिशेब फक्त रिकाम्या जमिनीला लावायचा असं ठरलं, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं आणि मैदानांचा वाटा हाताच्या तळव्याएवढा झाला. 2014 मध्ये वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा जुने खेळाडू ‘मातीवरची खरी, मॅटवरची खोटी’ म्हणून वाद घालत होते आणि तरुण त्यांना हसत होते. कट्ट्यावरचं आमचं भांडण अगदी तेच. मॅट चांगली की माती, यावर रात्र काढली. माती होती ती जमीन कुठे गेली, हे विचारायचं राहिलं.

इथे माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट मीच सांगतो, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी. कूपरेज मैदान जागेवर आहे, तरी 1891 पासूनचा रोव्हर्स कप नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. नरे पार्क जागेवर आहे, पण त्याभोवतीची माणसं डोंबिवली-विरारला गेली. म्हणजे नुसती जमीन पुरत नाही, चालत येणारी माणसंही लागतात. मान्य. मी जमिनीला जादूची कांडी म्हणत नाही. ती बी-बियाण्यासारखी आहे: पेरलं तर उगवेलच असं नाही, पण विकून खाल्लं तर पेरणीच नाही.

मग मुंबईत स्पीडवे करा असं माझं म्हणणं आहे का? हो, अगदी तसंच आहे, आणि त्यावर येणारे तीन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, रात्री वांद्रे रेक्लमेशनला किंवा पाम बीच रोडला गाड्या उडवणारी पोरं ट्रॅक मिळाल्यावर सुधारतील का? माझ्या मते नाही. ट्रॅकची बाजू घेणारे हा मुद्दा हिरिरीनं मांडतात, मला तो लटका वाटतो. रस्त्यावर स्टंट करणाऱ्याला नियम मोडण्याचीच नशा असते. फितीमागे गुपचूप उभं राहायला त्याला आवडणार नाही. त्याच्यासाठी पोलीस आहेत. मैदान हवं ते दुसऱ्या मुलासाठी, गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उघडून बसलेल्या, ज्याला रस्त्यावर मरायचं नाही आणि बाप चेन्नईला पाठवू शकत नाही अशासाठी.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे, मी लपवणार नाही. 2012 मध्ये व्रोत्सवाफला ली रिचर्डसन हा स्वार शर्यतीत पडून गेला. 2015 मध्ये झिएलोना गुरात डार्सी वॉर्ड पडला आणि पायांनी कायमचा लुळा झाला. तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्यांत त्याच्याइतकं सहज वळण घेणारा दुसरा नाही. यानंतर मी दोन वर्षं एकही शर्यत पाहिली नाही. पण आपण दहीहंडीचे थर लावतोच ना? तिथेही वाद झाला, वयाच्या, उंचीच्या अटी आल्या, हेल्मेट आलं. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली आणि 2023 मध्ये नियमांच्या चौकटीत त्या कायम झाल्या. धोका आहे म्हणून खेळ नको, हा निकष आपण लावतच नाही. आपण फक्त परक्या खेळाला तो लावतो.

तिसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो करणाऱ्याच्या मी पाया पडतो, कारण या शहरात आवाजाची फिकीर करणारा माणूस दुर्मीळ. हिशेब असा: लीगच्या सामन्यात पंधरा शर्यती, प्रत्येकी मिनिटभराची. म्हणजे एका संध्याकाळी पुरं इंजिन सुटण्याची वेळ पंधरा मिनिटं, तीही सायलेन्सर लावून, आठवड्यातून एकदा, रात्री साडेनऊच्या आत. आमच्या गल्लीत लग्नाच्या वरातीचा डीजे एकाच चौकात यापेक्षा जास्त वेळ उभा असतो.

राहिली जागा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं नाव मी घेणार नाही. तिथे 120 एकर उद्यानासाठी आणि 91 एकर घोड्यांसाठी अशी वाटणी 2024 मध्ये ठरली आहे, त्यात आमची ढवळाढवळ नको. स्पीडवेला फुटबॉलच्या मैदानाभोवतीची पट्टी पुरते. आतल्या हिरवळीवर बाकीचे सहा दिवस पोरं फुटबॉल, कबड्डी काहीही खेळोत. पूर्वेकडच्या बंदराच्या जमिनीवर, शिवडी-कॉटन ग्रीन-रे रोडच्या पट्ट्यात, गोदामं ओस पडली आहेत आणि तिचं काय करायचं याचे आराखडे निघत असतात. त्यात मरीना असते, टॉवर असतात, ‘प्रोमेनेड’ असतो. आठवड्याला पाच हजार माणसं हार्बर लाइननं येऊन पेन्सिलीनं गुण लिहितील, अशी जागा एकाही चित्रात मी पाहिलेली नाही.

हे सगळं बोलून झाल्यावर भाचा म्हणाला, ‘मामा, बोलणं सोपं आहे, माप घेऊन दाखवा.’ म्हणून पुढच्या रविवारी आम्ही तिघं कॉटन ग्रीनला उतरलो. एका बंद गोदामाचं आवार उघडं होतं, मधे ट्रकचे जुने टायर आणि गुडघाभर रान. भाच्यानं मोबाइलवर नकाशा काढला. सोबत्याला मोबाइल पटेना, तो सत्तरी ओलांडलेला गृहस्थ पावलं मोजत निघाला आणि वळणाशी आल्यावर आपसूक डावा पाय पुढे टाकून झुकला. तीनशे मीटरचा लंबगोल आरामात बसत होता, गॅलरीला जागा उरत होती. तेवढ्यात वॉचमन काठी आपटत आला आणि काय चाललंय म्हणून विचारू लागला. स्पीडवे समजावायला अर्धा तास गेला असता. ‘कबड्डीचं मैदान मोजतोय,’ सोबती म्हणाला. वॉचमननं काठी काखेत घेतली आणि म्हणाला, मग त्या कोपऱ्यात नको, तिथे पाणी तुंबतं.